गारगोटी

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरला. समोर नवरा-बायको बसले होते; बायकोच्या दोन्ही फुप्फुसांत रवाळ ठिपके पसरले होते.

"असे ठिपके मी खाणीत काम करणाऱ्यांचेच बघितलेत. ही गारगोटीची पूड आहे. घरात दगड कोण कापतं?"

"मी," नवरा म्हणाला. "तीस वर्षांचा छंद आहे. मागच्या खोलीत स्फटिक कापतो, घासतो, पॉलिश करतो. पण मास्क लावल्याशिवाय मशीनला हात लावत नाही. मला साधी शिंकसुद्धा येत नाही."

डॉक्टर बायकोकडे वळले. "तुम्ही जाता त्या खोलीत?"

"छे हो, मला काय कळतंय त्यातलं? यांचं आटोपलं की झाडून घेते, तेवढंच. धूळ राहिलेली यांना खपत नाही."



खोकल्याची उबळ ओसरल्यावर तिने नवऱ्याचा हात धरला. "अहो, दगडांतलं तुम्हाला सगळं ठाऊक. औषधाने विरघळेल ना ही पूड?"

घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याच्या हातावर गारगोटी ठेवून तो कौतुकाने सांगायचा, "विरघळत नाही, झिजत नाही. माणसं जातात, ही राहते."