चार नख्यांचा हिरा

सोनाराने दोन अंगठ्या पुढ्यात ठेवल्या. होणाऱ्या सुनेचं मन पहिलीवर बसलं. तिच्यातला हिरा चार बारीक नख्यांनी उंच धरलेला होता आणि लखलखत होता. सासूबाईंचा मात्र जीव खालीवर व्हायला लागला.

"दुसरीच घे गं. खडा सोन्यात पुरता बसवलाय, कशी गुळगुळीत लागते बघ. उद्या घरात मूल आलं की त्या नख्या ओरबाडतील त्याला."

"सांभाळीन ना मी, आई," ती हसली.

"नाही सांभाळता येत!" त्यांचा आवाज एवढा चढला की सोनारही चपापला.

शेजारी बसलेल्या त्यांच्या मुलाचा हात स्वतःच्या गालावरच्या जुन्या वणाकडे गेला. 'लहानपणी पायरीवर पडलास,' असंच त्या त्याला आजवर सांगत आल्या होत्या.

तो त्यांच्या कानाशी वाकला. "आई, ही हात उचलणार नाही."