गुरुजींची सही
घाटंजीजवळच्या या गावात मंत्रिसाहेब पूर्वी गुरुजी होते. आज ते समाजमंदिराच्या उद्घाटनाला आले, तेव्हा शाळेत खिचडी शिजवणारी इंदूबाई गर्दीतून वाट काढत त्यांच्यासमोर उभी राहिली. पोलिसानं तिला अडवलं. "राहू द्या," साहेब म्हणाले. तिला अंगठा सोडून सही करायला त्यांनीच शिकवलं होतं. तिच्या हातात पटसंख्या कमी म्हणून शाळा बंद करण्याचा आदेश होता, खाली त्यांची सही. "वाचल्याबिगर कोन्याच कागदावर सही करू नोको, असं तुमीच सांगतलं होतं ना, गुरुजी? लोकं तुमाले शिव्या देऊन राह्यले. म्या सांगतलं, गुरुजीनं घाईत वाचल्याबिगर केली असन. आता वाचा." तिनं कागद पुढे केला. सही करण्याआधी साहेबांनी तो दोनदा वाचला होता. तरी त्यांनी खिशातून चष्मा काढला आणि पहिल्यांदाच पाहत असल्यासारखा तो वाचायला घेतला.