मुडप

विनिताने मुलाची शाळेची पँट मालनच्या शिलाईमशीनवर टाकली. “मालन, पुन्हा आखूड झाली गं. मुडप उसवून दे. ह्या इंजेक्शनांनी वाट लावली यार!” ग्रोथ हार्मोनची तीच इंजेक्शने मालनच्या मुलालाही वर्षभर रोज टोचली जात होती. सकाळीच मुलुंडच्या डॉक्टरांनी रिपोर्ट पाहून तिला सांगितले होते, “हार्मोन रक्तात पोचतंय, पण पेशींवरचे रिसेप्टर त्याला ओळखतच नाहीत. इंजेक्शन बंद करू.” मुडप उसवताच आतली न विटलेली निळी पट्टी उघडली, आणि तिची गर्द निळाई मालनच्या डोळ्यांत सलत राहिली. विनिता गेल्यावर तिने स्वतःच्या मुलाची पँट घेतली, मुडप बोटभर वाढवून शिवून टाकली. दुसऱ्या दिवशी शाळेला निघताना त्याचे घोटे उघडे पडले. “आई, मीपण वाढलो!” “हो रे,” दोरा दातांनी तोडत ती म्हणाली, “जा, विनितामावशीला दाखवून ये.”