कैद्याशी नातं

रामाकोना गावची रजनी ऐंशी साली हरवली, तेव्हा पाच वर्षांची होती. तिची एक चप्पल गुणवंता राखणदाराच्या संत्र्याच्या बागेत सापडली आणि तेवढ्यावर तिच्या खुनासाठी त्याला जन्मठेप झाली. सौंसरच्या यशवंतराव गुरुजींना हे काही पटेना. चार वर्षं ते गावोगावच्या अनाथाश्रमांना पत्रं लिहीत राहिले. लोकांनी त्यांना वेड्यात काढलं. शेवटी, खेळता खेळता छोट्या रेल्वेगाडीत चढून झोपी गेलेली आणि भलतीकडेच पोचलेली ती पोरगी त्यांनी जिवंत शोधून काढली.

कोर्टाचं व्हायचं तेव्हा होईल, आधी गुणवंताला तिला डोळे भरून पाहू दे, म्हणून गुरुजी तिला घेऊन तडक जेलात गेले. फाटकावरच्या शिपायानं भेटीचा अर्ज पुढे केला. रजनीच्या नावापुढच्या 'कैद्याशी नातं' या रकान्यापाशी गुरुजींचा हात अडला. पण जन्मभर पोरांना खरं तेच लिहा म्हणून सांगितलेला माणूस. त्यांनी लिहिलं, 'खून झालेली मुलगी'.

शिपायानं अर्ज दोनदा वाचला.

"हेच पोरगी काय?"

"हीच. पाहून घ्या, चांगली जित्ती आहे."

शिपाई हळहळला. त्यानं रजनीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि तिला फाटकापासून हळूच मागं ओढलं.

"तुम्ही जा आत, गुरुजी. पोरीले नाही सोडता येत त्याच्यापाशी. एकदा मारलं आहे त्यानं हिले."