दिव्याखालचं सोयाबीन

झाडांना वेळ कशी कळते, यावर शीतलनं वीस वर्षं संशोधन केलं होतं. वडीगोद्रीजवळच्या वळणावर शेजारच्या अंगदकाकांचं सोयाबीन पाहताच ती बांधावरच थांबली. सगळं शेत शेंगांनी लगडून पिवळं पडलेलं, फक्त रस्त्यावरच्या दिव्याखालचा गोल हिरवागार आणि बिनशेंगांचा. रात्रभरच्या उजेडात तिथल्या रोपांना फुलायची वेळच कळली नव्हती. "कोणता रोग हाय, बाई?" काकांनी विचारलं. खांबावर तिच्या भावाचं, हरिओमचं नाव होतं. अंधारात इथंच तो ट्रकखाली गेला, तेव्हा वडिलांनी वर्षभर खेटे घालून तो दिवा लावून घेतला. आता वडील खांबाला हात लावून उभे होते. "एखाद्या रोगाचं नाव सांग," ते पुटपुटले. "रोग न्हाई, काका. दिवा हाय." अंगदकाकांनी मान खाली घातली. "मला कवाच कळल्तं. तुझ्या बापाला सांगवलं न्हाई, म्हणून तर तुला बोलावलं."