सात आकडे

"मावशी, हे सिम तुमच्या नावावर न्हाईच," दीक्षा म्हणाली आणि लेकराच्या झोळीला एक झोका दिला.

वारंगा फाट्यावरच्या त्या दुकानात सकाळपासून तिचं हेच चाललं होतं. एका हाताने झोळी हलवायची, दुसऱ्या हाताने लोकांचे नंबर दुसऱ्या कंपनीत हलवायचे. गोदातारा मोबाईल कंपनी आज पाच वाजता बंद होणार होती. एके काळी याच दुकानापुढं केशरी छत्र्या लावून तिने आणि तिच्या नवऱ्याने, धम्मदीपने दहा रुपयाला सिम विकलं होतं. गर्दी बसवायला शेजारच्या हॉटेलातली बाकडी आणावी लागायची. आता धम्मदीप पुण्याला एका गोदामात लागला होता आणि शटरवरच्या केशरी रंगाचे पोपडे निघत होते. घड्याळात सव्वाचार झाले होते.

"माज्या नावावर न्हाई तं कोनाच्या?" जिवनबाईंनी विचारलं. त्या तांड्यावरच्या आशा कार्यकर्त्या, सगळ्यांच्या आशाताई. लेकरांचं वजन करायचा काटा पिशवीतून अर्धा बाहेर आला होता. "धा वर्सं झाली, म्याच बोलून राहिले ना ह्याच्यावर?"

"माझ्या सासूच्या. लक्ष्मीबाईच्या."

"ती तं वारली की गं."

"व्हय. तेच तर."

तो फॉर्म दीक्षानेच भरला होता. महिन्याला शंभर सिमचं टार्गेट होतं. कागद नाहीत म्हणून गिऱ्हाईक माघारी पाठवायचं नाही, हा धम्मदीपचा नियम. एका माणसाच्या कागदावर नऊ सिम चालायची, मग घरातल्या एकेकाच्या नावावर नऊ-नऊ. सासू हौसेने अंगठा द्यायची. "माज्या नावानं दुनिया बोलून राहिली," म्हणून हसायची. आणि आता नंबर हलवायला ज्याच्या नावावर सिम, त्याचाच अंगठा लागत होता.

"नवा नंबर देते मावशी. या वेळेस तुमच्या नावावर."

"नव्या नंबरला काय चाटू?" जिवनबाई स्टुलावर बसल्या. "ऊसतोडीला गेलेल्या बायांना ह्योच पाठ हाय. त्यांच्यापाशी कुठं फोन? मुकादमाचा, डायवरचा, ज्याचा घावल त्याचा मागून लावतेत. ऐश्वर्याला नववा लागलाय. रक्त कमी, बीपी वर. जाऊ नको म्हणलं, तरी नेली नवऱ्यानं. जाताना माज्यापुढं धा खेपा नंबर म्हणून गेली. कायबी झालं तं फोन कर म्हणलंय म्या तिला. आता ती लावून राहील न् हिकडं फोन मुका."

"मुकादमाला लावून बघा."

"कवाच लावला. त्यानं टोळी बदलली. ही लोकं कुठल्या फडात हायेत, त्यालाच ठाऊक न्हाई."

दीक्षाने नवं सिम काढलं, जिवनबाईंचा अंगठा घेतला, फोनच्या दुसऱ्या खाचेत सिम बसवलं आणि नवा नंबर खोक्याच्या पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहिला.

फोन वाजला. जिवनबाईंनी झडप घातली. गोदाताराच्या बाईचा गोड आवाज आला : इतकी वर्षे आमच्यासोबत राहिल्याबद्दल आभार.

"मरता मरताबी हिचं तोंड गोडच," जिवनबाई म्हणाल्या. दीक्षाला हसू आलं, आणि लगेच विरलं.

पाचला पाच कमी असताना फोन पुन्हा वाजला. नंबर अनोळखी होता. जिवनबाईंनी स्पीकर लावला.

"आशाताई, मी ऐश्वर्या."

"माय गं! बोल लेकरा, कशी हायेस?"

"पाय लई सुजले, ताई. चप्पल बसंना. सकाळधरनं डोकं ठणकतंय, डोळ्याम्होरं अंधारी येऊन राहिली. काय करू?" मागे ट्रॅक्टर घरघरत होता. "लवकर सांगा. गाडी भरली, डायवर फोन मागून राहिला."

"सांगते, सांगते. आधी माजा नवा नंबर घे, ह्यो आत्ता बंद पडतोय. लिव."

"लिवायला काई न्हाई. सांगा, ध्यानात धरते."

दीक्षाने पुठ्ठा पुढं धरला. जिवनबाई बोट ठेवून वाचू लागल्या.

"नऊ."

"नऊ."

"तीन, शून्य."

"तीन, शून्य."

"दोन, सहा."

"दोन, सहा."

"एक, आठ."

पलीकडून काही आलं नाही. ट्रॅक्टरची घरघरही थांबली. फोनवरच्या पहिल्या सिमच्या रेंजच्या दांड्या एकदम गेल्या होत्या. घड्याळात अजून पाचला तीन कमी होते.

"एवढा टाइम दिला होता, तेवढाबी पाळला न्हाई," दीक्षा पुटपुटली. तिने तो अनोळखी नंबर आपल्या फोनवरून लावला. पूर्ण रिंग गेली. दुसऱ्यांदा लावला. तिसऱ्यांदा. उसाचे ट्रॅक्टरवाले कर्णा लावून, गाणी वाजवत जातात. खिशातला फोन त्यांना कसला ऐकू येतो.

"सात झाले होते, मावशी. एक-आठ तिला ऐकू आलं असंल. राहिले तीनच."

जिवनबाईंचं बोट पुठ्ठ्यावर त्या आठावरच होतं. झोळीत लेकरू जागं होऊन कुरकुरायला लागलं. दोघींपैकी कुणीच हललं नाही.

"दीक्षा," जिवनबाई म्हणाल्या, "दवाखान्यात जा म्हणायचं राहूनच गेलं की गं."