वरच्या माळाचा खड्डा

"वहिनीला बांधावर पोहोचू द्या, मग कुदळ मारा," मेंढपाळ म्हणाला.

माती तपासायला आलेली मुलगी कुदळ टेकवून उभी राहिली. नोकरीला लागून तिला जेमतेम आठ महिने झाले होते, पण खड्ड्याला साक्षीदार बोलावणारा माणूस तिने पहिल्यांदाच पाहिला.

वहिनी सावकाश चढ चढून आली आणि दोन रानांमधल्या बांधावर एका दगडावर बसली. दीर-भावजय एकमेकांशी एक अक्षर बोलली नाहीत.

सव्वीस वर्षांपूर्वी वडिलांनी दोन मुलांत जमीन वाटली, ती मातीचा अहवाल बघून. खालचं शेत काळं, खोल, पिकाऊ. वरचा माळ उथळ, मुरमाड, फक्त चराईपुरता. थोरला नांगर धरणारा, त्याला शेत मिळालं. धाकट्याला मेंढ्यांचा नाद, त्याला माळ. पण मातीच्या पिशव्या तपासणीला नेल्या होत्या थोरल्याने.

"एकट्याने," मेंढपाळ म्हणाला. "पिशव्यांवरच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल करायला किती वेळ लागतो?"

तेव्हा तो नुसता संशय होता. थोरल्याने स्वतःहून अर्धं शेत देऊ केलं, त्याने तो आणखी वाढला. चोराच्या मनात चांदणं. "तुझ्या शेतातली चिमूटभर मातीही नको मला," असं सांगून धाकट्याने बोलणं तोडलं. पुढे माळावर दरवर्षी गवत वाढत गेलं, आणि त्याची खात्रीच पटली.

या हिवाळ्यात थोरल्याने अंथरूण धरलं. दोनदा निरोप पाठवला. मेंढपाळ गेला नाही.

"अहवाल हातात घेऊनच जायचं ठरवलं होतं," तो म्हणाला. "तुमच्या ऑफिसने तारीख द्यायला दोन महिने लावले. तो तेवढा थांबला नाही. गेला."

सकाळी खालच्या शेतातून आणलेला नमुना ट्रेमध्ये पसरला होता, त्यातले खडे मुलगी उगाच वेगळे करू लागली. खड्यांत तांदळाएवढे पांढरे शंख होते.

"ओढ्यातले," मेंढपाळ वाकून म्हणाला. त्याचा आवाज जरा खाली आला. "खालचं शेत म्हणजे जुन्या ओढ्याचं पात्र. लहानपणी आम्ही हे वेचायचो. मला सापडायचे नाहीत. तो आपले निम्मे माझ्या खिशात टाकायचा."

मग त्याने खालच्या शेताकडे बोट केलं. एका कोपऱ्यात घराच्या अंगणाहून मोठा खळगा होता, त्यात पाणी साचलं होतं.

"तेही बघून घ्या. मी उन्हाळ्याचे दोन महिने मेंढ्या घेऊन नदीकाठच्या कुरणात जातो. पावसाने माळ हिरवा झाल्यावर परत आलो की तो खळगा मोठा झालेला असायचा. एकचाकी गाडीने माती नेऊन वीटभट्टीला विकायचा, दुसरं काय? एवढं करून घरावर नवा पत्रा चढला नाही. पाठ तेवढी वाकली."

बांधावर वहिनीने पदर सारखा केला.

माळाच्या मधोमध, जिथे गवत सर्वात दाट होतं, तिथे मुलीने कुदळ मारली. काळी माती वर आली. तिने चिमूटभर ओली करून अंगठ्याने दाबत फीत काढली. बोटभर लांब होऊनही ती तुटली नाही; कसदार चिकणमाती. अर्धा फूट गेला, एक फूट गेला, तरी काळी मातीच.

"बघा," मेंढपाळ म्हणाला. तो बोलत मुलीशी होता, पण बघत बांधाकडे होता. "हा म्हणे चराईपुरता माळ. लिहा बाई, ही जमीन पहिल्यापासून पिकाऊ होती. एवढं कागदावर आलं की मी सुटलो."

दीड फुटावर कुदळ खणकन वाजली.

मुलीने खाली फावड्याने साफ केलं. लालसर मुरूम होता. वरची काळी माती त्यावर झाकण ठेवावं तशी बसली होती. काळा रंग हळूहळू लालसर होत गेल्याची खूण नव्हती. ती गुडघ्यांवर बसली आणि सुरीने खड्ड्याची बाजू तासू लागली. काळ्या मातीत आडव्या बारीक रेघा दिसल्या. दबलेल्या, कुजलेल्या गवताच्या. तिने सुरीचं टोक फिरवत त्या मोजल्या, मग पुन्हा एकदा मोजल्या.

"काका," ती म्हणाली, "जुना अहवाल बरोबर होता."

"म्हणजे?"

"हा माळ मुरमाडच आहे. ही माती इथली नाही. कुणीतरी दुसरीकडून आणून पसरली आहे. एका वर्षी बोटभर जाडीचा थर, त्यावर गवत उगवलं, पुढच्या वर्षी त्यावर पुन्हा बोटभर. पंचवीस थर आहेत."

मेंढपाळ हसला. "माझ्या माळावर? मला न कळता? आणि आणणार कुठून?"

मुलीने सुरीच्या टोकाने खड्ड्याच्या बाजूतून काहीतरी उकरून काढलं, अंगठ्याने पुसलं आणि त्याच्या तळहातावर ठेवलं. तांदळाएवढा पांढरा शंख होता.

त्याने शंख बोटाने उलटवून बघितला. मग त्याने खालच्या शेतातल्या खळग्याकडे बघितलं, आणि शेवटी बांधाकडे.

"वहिनी," तो म्हणाला. सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच. "मला सांगितलं का नाहीत?"

वहिनी दगडावरून उठली.

"त्यांनी शपथ घातली होती, भाऊजी. म्हणायचे, त्याला कळलं तर सगळी परत आणून टाकेल."